एका सेंटाची चौकट

१८९३ सालचे शिकागो म्हटले की मराठी वाचकाला विवेकानंद आणि सर्वधर्मपरिषद आठवते. ती परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, ते प्रदर्शन कोलंबसाच्या अमेरिकेतील आगमनाच्या चतुःशताब्दीचे होते. त्याच निमित्ताने अमेरिकेच्या टपाल खात्याने आपली पहिली स्मारक तिकिटे काढली : एकूण १६, १ सेंटापासून ५ डॉलरपर्यंत.

कल्पना पोस्टमास्तर जनरल जॉन वॉनामेकर यांची. हे गृहस्थ मूळचे फिलाडेल्फियाचे बडे दुकानदार. जे तिकीट पाकिटावर न लागता संग्राहकाच्या वहीत जाते, त्यापोटी खात्याला पत्र वाहून न्यावे लागत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. साधे पत्र २ सेंटांत जात असताना ५ डॉलरचे तिकीट कोणासाठी होते, हे उघडच आहे. संपूर्ण संचाची दर्शनी किंमत १६ डॉलर ३४ सेंट होती. सेनेटर वोल्कॉट यांनी याविरुद्ध सेनेटमध्ये आवाज उठवला. उपयोग झाला नाही.

संग्राहकांचा आवडता विनोद पहिल्या दोन तिकिटांवरचा आहे. १ सेंटाच्या तिकिटावर कोलंबसाला भूमी दिसते, तेव्हा त्याची दाढी गुळगुळीत आहे. २ सेंटांच्या तिकिटावर तो किनाऱ्यावर उतरतो तो भरघोस दाढीनिशी. मधला अवधी काही तासांचा! चित्रे दोन निरनिराळ्या चित्रकारांची, म्हणून हा घोळ. २ सेंटांची तिकिटे १४० कोटींहून अधिक छापली गेली, त्यामुळे ती आजही स्वस्तात मिळतात.

या विनोदाच्या नादात १ सेंटाच्या तिकिटाची चौकट मात्र पाहायची राहून जाते. मधल्या चित्राच्या डावीकडे मुलासह एक आदिवासी स्त्री, उजवीकडे पिसांचा शिरपेच घातलेला आदिवासी पुरुष. ज्यांच्या भूमीचा 'शोध' लागला, त्यांना येथे वेलबुट्टीची जागा मिळाली आहे. आणि ही माणसे तेव्हा काही मुकी नव्हती. पोटावाटोमी जमातीचे सायमन पोकागॉन यांनी त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने एक निषेधपत्रिका काढली. ती भूर्जवृक्षाच्या सालीवर छापलेली होती. शिकागो ज्या भूमीवर उभे होते, ती एके काळी त्यांच्याच जमातीची. तिकिटे कोट्यवधी घरांत पोहोचली. सालीवरच्या त्या पुस्तिका थोड्याच निघाल्या, आणि आज त्या ग्रंथसंग्रहालयांत जपून ठेवाव्या लागतात.

१९९२ साली पाचशे वर्षे झाली, तेव्हा हीच तिकिटे पुन्हा छापण्यात आली. खात्याने वरच्या कोपऱ्यातले १८९२ काढून १९९२ घातले. ती स्त्री, ते मूल आणि तो पुरुष जिथे होते तिथेच आहेत.