संस्थानी शिलेखान्यापासून वस्तुसंग्रहालयापर्यंत : कोल्हापुरातील छत्रपती शहाजी संग्रहालयाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वस्तुसंग्रहालय हे इतिहासाचे साधन मानले जाते. तथापि, प्रत्येक संग्रहालयाला स्वतःचाही इतिहास असतो आणि तेथील वस्तूंचा अर्थ त्या इतिहासाने ठरतो. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील छत्रपती शहाजी संग्रहालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. राजघराण्याच्या खासगी संग्रहातील शस्त्रे सार्वजनिक अभ्यासाचा विषय कशी बनली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शस्त्रांच्या उपयोगातील बदल :

महाराणी ताराबाईंनी स्थापन केलेल्या करवीर राज्यात शिलेखाना हा राज्यकारभाराचा भाग होता. इ.स. १८४४ मध्ये दाजी कृष्ण पंडित यांच्या महसुली धोरणाविरुद्ध सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथील गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडून काढल्यानंतर गडांचे लष्करी महत्त्व संपुष्टात आले. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या पलटणीने बंड केले. पुढे चिमासाहेब महाराजांना कराचीस नेऊन ठेवण्यात आले. या घटनांनंतर तलवार, पट्टा, कट्यार यांचे युद्धातील स्थान झपाट्याने कमी झाले. खंडेनवमीचे शस्त्रपूजन, दसऱ्याचे सीमोल्लंघन आणि शिकार यांतून मात्र शस्त्रांचा मान टिकून राहिला.

संग्रहालयाची निर्मिती :

मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार नवीन राजवाडा इ.स. १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानचे लष्करही भारतीय सेनेत सामावले गेले. इ.स. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने राजेरजवाड्यांचे तनखे रद्द झाले. इ.स. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना कायद्याचे संरक्षण देऊन त्यांच्या खासगी निर्यातीस मनाई केली. याच पार्श्वभूमीवर छत्रपती शहाजी महाराजांच्या काळात, इ.स. १९७४ मध्ये, राजवाड्याचा काही भाग संग्रहालय म्हणून जनतेस खुला झाला. शस्त्रे, हौदे, छायाचित्रे, पत्रे व शिकारीची स्मृतिचिन्हे तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

संग्रहाचे स्वरूप :

येथे कोल्हापुरातीलच दुसऱ्या संग्रहालयाशी तुलना उद्बोधक ठरते. टाऊन हॉल येथील शासकीय संग्रहालयाचा पाया इ.स. १९४५-४६ मधील ब्रह्मपुरीच्या उत्खननातून घातला गेला. उत्खननातील वस्तूबरोबर तिची जागा आणि थर यांची नोंद येते. घराण्याच्या संग्रहातील शस्त्राबरोबर येते ती मालकीची परंपरा. 'हे शस्त्र कोणाचे?' या प्रश्नाचे उत्तर ही परंपरा देते; परंतु ते कोणत्या लोहाराने घडविले, कोणत्या शिलेदाराने वापरले, हे प्रश्न केवळ काचेच्या कपाटासमोर उभे राहून सुटत नाहीत. परिणामी लष्करी इतिहास हा राजांचाच इतिहास भासतो आणि गडकरी, शिलेदार व कारागीर त्यातून अदृश्य होतात.

ही उणीव भरून काढण्याची साधने कोल्हापुरातच उपलब्ध आहेत. पुराभिलेखागारातील मोडी कागदपत्रे हे पहिले साधन होय. दुसरे म्हणजे शहरातील तालमी व आखाडे. तेथे मर्दानी खेळाच्या रूपाने पट्टा, विटा, लाठी चालविण्याची विद्या आजही शिकविली जाते. संग्रहालयात स्थिर असलेले शस्त्र तालमीत हातात असते. त्याचे वजन, पकड व पवित्रा वस्तादच सांगू शकतात. हे ज्ञान बहुतांशी मौखिक असल्याने एकेका वस्तादाबरोबर ते कायमचे लुप्त होण्याचा धोका आहे.

निष्कर्ष :

१. छत्रपती शहाजी संग्रहालय हे संस्थानी सत्तेच्या अस्तानंतर शस्त्रांना लाभलेल्या नव्या सामाजिक भूमिकेचे द्योतक आहे.

२. खासगी संग्रह खुला झाल्याने वस्तू सुरक्षित राहिल्या; त्यांचा सामाजिक इतिहास लिहिण्याचे दायित्व मात्र अभ्यासकांकडे आले.

३. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडीचे जाणकार विद्यार्थी व तालमींचे वस्ताद यांना एकत्र आणून शस्त्रांच्या परिभाषेची व वापराची नोंद करणे अगत्याचे आहे. शस्त्र जतन झाले आणि ते धरणारा हात विस्मृतीत गेला, तर संग्रहालयाचा हेतू अर्धाच साध्य होईल.