यंत्र चुकलें कीं प्रश्न?

गणिताचें उत्तर चुकलें म्हणजे दोष कोणाचा, हा वाद शाळेपासून कचेरीपर्यंत सर्वत्र चालतो. पूर्वीं तो दोष पाटीवर आंकडे मांडणाऱ्याच्या माथीं मारला जाई. यंत्रें आल्यावर तो यंत्राच्या, किंवा यंत्र चालविणाऱ्याच्या माथीं मारला जाऊं लागला. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील एका गणितज्ञास असा अनुभव आला कीं, यंत्र निर्दोष, चालविणारा निष्णात, रीत शुद्ध, आणि तरीही उत्तर भलतेंच! या तिसऱ्या अपराध्याचा शोध कसा लागला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

अज्ञात संख्येचे वर्ग, घन इत्यादि घात घ्यावे, त्यांस निरनिराळ्या सहगुणकांनीं गुणावें आणि सर्वांची बेरीज शून्याबरोबर मांडावी, म्हणजे बहुपदी समीकरण होतें. अज्ञाताच्या ज्या किंमतीनें ही बेरीज खरोखर शून्य होते, तें त्या समीकरणाचें मूळ. वर्गसमीकरणास दोन मुळें येतात हें बाराव्या शतकांत भास्कराचार्यांस पूर्ण अवगत होतें. त्यांच्या बीजगणितांतील एका उदाहरणांत दोन उत्तरें येतात. त्यांपैकीं दुसरें, लोकांस ऋण राशि रुचत नाहीं म्हणून, त्यांनीं त्याज्य ठरविलें. उत्तर काढणें निराळें व उत्तर पारखणें निराळें, हा विवेक असा फार जुना आहे.

पुढें १५४५ मध्यें इटलींतील कार्दानो यांच्या ग्रंथांत तिसऱ्या व चौथ्या घाताच्या समीकरणांचीं सूत्रें प्रसिद्ध झालीं. पांचव्या घातासाठीं मात्र तसें सर्वसाधारण सूत्र असूंच शकत नाहीं, हें नॉर्वेचे तरुण गणितज्ञ आबेल यांनीं १८२४ मध्यें दाखवून दिलें. तेव्हां वरच्या घातांसाठीं एकच वाट उरली: प्रथम एक अदमास धरावयाचा, आणि न्यूटन यांच्या रीतीनें तो सुधारीत सुधारीत मुळाजवळ जावयाचें. काम कंटाळवाणें, पण ज्यास कंटाळा ठाऊक नाहीं अशा यंत्रास तें अगदीं योग्य.

तसें यंत्र लंडनजवळ टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरींत तयार झालें. त्याची मूळ कल्पना ॲलन ट्यूरिंग यांची. १९४६ मध्यें त्यांच्या हाताखालीं जेम्स हार्डी विल्किन्सन हे सव्वीस वर्षांचे गणितज्ञ रुजू झाले. केंब्रिजमध्यें शिकलेल्या या गृहस्थांचा युद्धकाळ हातानें फिरवावयाच्या गणनयंत्रांवर आंकडेमोड करण्यांत गेला होता. १९४८ मध्यें ट्यूरिंग मँचेस्टरास गेले. विल्किन्सन व त्यांचे सहकारी मागें राहिले, आणि १० मे १९५० रोजीं 'पायलट एस' या नांवाच्या त्या यंत्रानें पहिली आज्ञावली पार पाडली. सुमारें ८०० व्हाल्व्ह, पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांतून फिरणारी स्मृति, आणि आंत काय चाललें आहे तें सांगणारी दिव्यांची रांग, असें त्याचें रूप होतें. आतां तें लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें आहे.

या यंत्राकडून समीकरणें सोडवून घेण्याची आज्ञावली विल्किन्सन यांनीं रचली. तिची परीक्षा घ्यावयाची तर उत्तर आधींच ठाऊक असलेलें उदाहरण हवें. म्हणून १ पासून २० पर्यंतचे पूर्णांक हींच ज्याचीं मुळें आहेत असें विसाव्या घाताचें समीकरण त्यांनीं घेतलें. मुळें एकमेकांपासून चांगलीं पूर्ण एकेक अंतरावर. याहून सरळ परीक्षा ती कोणती! अपेक्षा अशी कीं, सर्वांत मोठें मूळ जें वीस, तें प्रथम हातीं येईल. पण वीस कांहीं केल्या येईना. साहजिकच संशय प्रथम आज्ञावलीवर गेला, नंतर यंत्रावर. दोहोंची झडती झाली. दोहोंतही खोट निघाली नाहीं.

खोट होती ती प्रश्नांतच. या समीकरणांत एकोणिसाव्या घाताचा सहगुणक उणे २१० आहे, कारण १ ते २० यांची बेरीज २१०. आतां २१० च्या जागीं २१०.००००००११९२ घ्या, फरक सुमारें ८४ लाखांतील एका भागाचा. आठ अंक दाखविणाऱ्या फलकावर दोन्ही ठिकाणीं २१०.००००० असेंच दिसेल. पाहणारा म्हणेल कीं दोन्ही समीकरणें एकच. परंतु मुळें पहावीं तों काय? १ ते ७ हीं जवळजवळ जागच्या जागीं. ८ चें ८.००७ झालेलें, ९ चें ८.९१७, वीस नाहींसें होऊन त्याच्या ऐवजीं २०.८४७, आणि मधलीं दहा मुळें वास्तव संख्यांच्या रेषेवरून पार उठून गेलेलीं, म्हणजे संमिश्र संख्या झालेलीं! जेथें १४ व १५ होते तेथें आतां १३.९९२ आणि त्यास जोडलेला अधिक-उणे २.५१९ चा काल्पनिक भाग.

एवढासा धक्का आणि एवढा अनर्थ, हें कसें? सोळा हें मूळ घ्या. १६ चा एकोणिसावा घात २३ अंकी आहे. त्यास त्या सूक्ष्म फरकानें गुणलें तरी ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ एवढी राशि उरते. जेथें बेरीज शून्य असावयाची तेथें आतां एवढी उणीव आली. ती भरून काढावयाची तर मुळानें सरकावें. पण १६ पाशीं वक्ररेषेचा चढ असा आहे कीं, त्याच चढानें जावयाचें तर सुमारें २८७ घरें सरकावें लागेल, आणि शेजारचें मूळ तर एकाच घरावर! मुळास तेथें उभें राहण्यास ठाव उरत नाहीं. उलट १ पाशीं धक्का केवळ ८४ लाखांतील एका भागाचा आणि चढ प्रचंड. म्हणून तें मूळ हलत नाहीं.

त्या समीकरणाची अखेरची संख्या १९ अंकी आहे. कोणतेंही यंत्र कांहीं ठराविक अंकच सांभाळतें, बाकीचे छाटतें. छाटलेल्या त्या शेपटानेंच समीकरण बदलतें, आणि मग यंत्र त्या बदललेल्या समीकरणाचें उत्तर प्रामाणिकपणें देतें. येथूनच विल्किन्सन यांनीं एक नवी विचारपद्धति विकसित केली. उत्तर किती चुकलें हें आधीं न विचारतां, हें उत्तर कोणत्या प्रश्नाचें अचूक उत्तर आहे, असें त्यांनीं विचारलें. तो प्रश्न मूळ प्रश्नाच्या अगदीं शेजारचा निघाला, तर यंत्र निर्दोष. आणि शेजारच्या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांपासून योजनें दूर असतील, तर प्रश्नच नाजूक. १९६३ व १९६५ मधील त्यांच्या ग्रंथांतून ही दृष्टि जगभर पोंचली.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. विमानाच्या पंखांस वेगामुळें सुटणारी थरथर विरून जाईल कीं वाढत जाऊन पंख मोडील, हें अशाच मुळांवरून ठरवितात. तेथें वास्तव मूळ संमिश्र ठरलें, किंवा संमिश्र वास्तव ठरलें, तर प्राणाशीं गांठ. म्हणून अशा गणितांत सारणीचें बहुपदी समीकरण बनवावयाचेंच नाहीं, तर सारणीवरच थेट काम करावयाचें, हा दंडक पडला.

आज हें सामर्थ्य घरोघरीं मोबाइलवर आलें आहे. सहगुणक भरावे, आणि चौकटींत मुळें उमटावीं. एखादे वेळीं पूर्णांकाऐवजीं विचित्र अपूर्णांक उमटले, तर विद्यार्थी ॲपवर रागावतो आणि वडील विद्यार्थ्यावर. अशा वेळीं तीन गोष्टी कराव्या. सहगुणकांचीं चिन्हें व क्रम पुन्हां तपासावे, कारण बहुतेक चुका तेथेंच असतात. चौकटींत दिसतात तेवढेच अंक उतरवून पुढील गणितांत घालूं नयेत, कारण यंत्राच्या पोटांत त्याहून अधिक अंक असतात. आणि शेवटीं, एखादा सहगुणक किंचित् बदलून पहावा; तेवढ्यानें मुळें दूर उडालीं, तर दोष कोणाचाच नसून प्रश्न नाजूक आहे असें समजावें.

विल्किन्सन यांस १९७० मध्यें ट्यूरिंग यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. १९८४ मध्यें त्यांनीं त्या दगाबाज बहुपदीवर एक निबंध लिहिला, आणि तो अनुभव आपल्या गणिती आयुष्यांतील सर्वांत जबर धक्का होता असें मोकळेपणानें सांगितलें. १९८६ मध्यें ते निवर्तले. चुकीचें उत्तर हातीं आलें असतां त्यांनीं यंत्रास बोल लावून तें फेंकून दिलें नाहीं. त्या उत्तरासच त्याचा प्रश्न विचारला. भलत्या उत्तरापुढें क्षणभर थांबण्याचें हें धैर्य कोणतेंही यंत्र माणसास देऊं शकत नाहीं. तें त्यानें आपल्या ठायींच आणावें लागतें.