फुफ्फुसातला मेनिंजिओमा: मेंदूच्या आवरणाची गाठ छातीत कशी?

दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसात एक गोल ठिपका दिसतो. खोकला नाही, दम लागत नाही, तरी घरच्यांच्या मनात लगेच कॅन्सरची धास्ती बसते. फार क्वचित हा ठिपका मेनिंजिओमा निघतो.

मेनिंजिओमा म्हणजे काय?

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती तीन पदरी आवरण असते. त्यातल्या मधल्या पदराच्या पेशींपासून वाढणाऱ्या गाठीला मेनिंजिओमा म्हणतात. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये हे नाव दिले. अशा बहुतेक गाठी साध्या असतात आणि हळू वाढतात. महिलांमध्ये त्या जास्त आढळतात.

मग छातीत कसा?

फुफ्फुसातच सुरू झालेल्या मेनिंजिओमाची पहिली नोंद १९८२ मध्ये झाली. तेव्हापासून जगभरात मोजकेच रुग्ण नोंदले गेले आहेत. कारणाबद्दल प्रामुख्याने दोन मते आहेत. एक, गर्भाच्या वाढीत या आवरणाच्या काही पेशी भलत्याच जागी राहून जातात. दुसरे, काहींच्या फुफ्फुसात अशाच पेशींचे अगदी सूक्ष्म पुंजके असतात आणि त्यातून गाठ तयार होते.

निदान कसे होते?

सीटी स्कॅनमध्ये सहसा स्पष्ट कडांची एकच गाठ दिसते. पेट स्कॅनमध्ये ती कर्करोगासारखी चमकू शकते. त्यामुळे केवळ स्कॅनवरून निदान होत नाही, गाठीचा तुकडा तपासावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी भोवऱ्यासारख्या गोल रचलेल्या दिसतात. पुढे विशेष रंगचाचण्यांनी खात्री केली जाते. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या भीतीने अनेक जण बायोप्सी टाळतात. प्रत्यक्षात तसे होणे दुर्मिळ आहे.

गाठ छातीत, मग एमआरआय डोक्याचा का?

डोक्यातला मेनिंजिओमा शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही. पण पसरलाच, तर बहुतेकदा फुफ्फुसात जातो, कधी कधी मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही. म्हणून मेंदू आणि मणक्याचा एमआरआय करतात. तिथे काही सापडले नाही, तरच गाठ मूळची फुफ्फुसातली मानली जाते. पूर्वी डोक्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

उपचार

शस्त्रक्रिया करून गाठ काढणे हा मुख्य उपचार. गाठ साधी असेल आणि पूर्ण निघाली, तर सहसा पुढे औषधे लागत नाहीत. मोजक्या रुग्णांत मात्र ती घातक निघाली आहे, म्हणून नंतरही ठरावीक काळाने स्कॅन करतात.

लक्षात ठेवा

फुफ्फुसातल्या ठिपक्यामागे जुना क्षयरोग, इतर संसर्ग किंवा कर्करोग असण्याची शक्यता मेनिंजिओमापेक्षा कितीतरी जास्त असते. ‘साधीच गाठ असेल’ असे स्वतः ठरवून तपासणी टाळू नये आणि अहवाल येण्याआधी कर्करोग गृहीतही धरू नये.