नऊशे टन पाणी आणि चार लिटर फेस : शर्यतीच्या मोटारीतील अग्निशमनयोजनेच्या निवडीचा इतिहास

सावित्री नदीच्या काठी वसलेले दासगाव हे एके काळी बंदर म्हणून ओळखले जाई. आज त्याची ओळख वेगळी आहे. मुंबई-गोवा महामार्गाने त्याच्या उत्तरेस थोड्या अंतरावर, लोणेरे येथे, १९८९ साली स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दुसऱ्या बाजूस महाड आणि तेथील रासायनिक कारखान्यांची वसाहत. एकीकडे यंत्रे शिकविली जातात, दुसरीकडे ज्वालाग्राही द्रव्ये रोज हाताळली जातात. त्याच वसाहतीतील एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात ३ नोव्हेंबर २०२३ रोजी स्फोट होऊन आग लागली व ११ कामगार मृत्यू पावले. अशा ठिकाणी अग्निशमनाच्या साधनांची निवड हा केवळ ग्रंथगत प्रश्न राहत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार एका अगदी मर्यादित क्षेत्रात, म्हणजे शर्यतीच्या मोटारीच्या संदर्भात, केला आहे. क्षेत्र लहान असले की कारणे आणि परिणाम स्पष्ट दिसतात, हे त्याचे कारण होय.

आरंभी मुंबई गोदीतील घटनेचे स्मरण करणे अवश्य आहे. चुकीच्या निवडीचे याहून दारुण उदाहरण महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात क्वचितच सापडेल. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर दुपारी धूर दिसला. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. आणि ज्या कप्प्यात आग लागली त्यात खाली कापसाचे गठ्ठे व वर स्फोटके अशी रचना होती. अग्निशामक दलाने त्या कप्प्यात नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले. तथापि धुराच्या लोटांमुळे आगीचे मूळ कोठे आहे हेच कळेना, आणि पाणी त्या मुळापर्यंत पोचले नाही. कप्पा बंद करून त्यात वाफ सोडावी, जहाज गोदीबाहेर न्यावे, की ते तेथेच बुडवावे, हे सर्व पर्याय बोलले गेले. परंतु अंतिम आज्ञा देण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून आजही देशभर पाळला जातो.

या घटनेतून तीन प्रश्न निष्पन्न होतात. जळणारी वस्तू कोणती? शमनद्रव्य तिच्यापर्यंत आणि माणसापर्यंत किती वेळात पोचेल? आणि कळ कोणाच्या हाती असेल? नऊशे टन पाण्याने जे साधले नाही ते शर्यतीच्या मोटारीत दोन ते चार लिटर द्रव्याने साधावे लागते. म्हणूनच तेथे हे तीन प्रश्न अधिकच निकडीचे ठरतात. मोटारशर्यतींचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे या प्रश्नांची उत्तरे एकेका मृत्यूच्या मोलाने मिळविल्याचा इतिहास होय.

पहिले उत्तर इंधनासंबंधी मिळाले. ३० मे १९६४ रोजी इंडियानापोलिस येथे एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनल्ड हे दोन चालक पेट्रोलच्या आगीत मृत्यू पावले. त्यानंतर तेथील शर्यतींत पेट्रोलऐवजी मेथॅनॉल वापरण्याकडे कल झाला. मेथॅनॉलची आग पाण्याने विझते, हा त्याचा गुण. परंतु तिची ज्वाला दिवसाच्या प्रकाशात दिसत नाही, हा दोष. १९८१ साली त्याच मैदानावर इंधन भरताना रिक मिअर्स हा चालक अशा न दिसणाऱ्या आगीत भाजला. मे १९६७ मध्ये मोनॅको येथे लोरेंझो बांदिनी याच्या मोटारीची आग कडेला रचलेल्या गवताच्या भाऱ्यांमुळे अधिकच भडकली आणि तीन दिवसांनी त्याचा अंत झाला. सारांश, कोणती कुपी घ्यावी हे ठरविण्यापूर्वी मोटारीत आणि तिच्या भोवती काय जळू शकते याची मोजदाद करावी लागते.

दुसरे उत्तर वेळेविषयीचे आहे. २४ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रँड्स हॅच येथे यो सिफर्ट याची मोटार उलटून पेटली. अपघाताने झालेली त्याची इजा प्राणघातक नव्हती. तो गेला तो धुराने गुदमरून. चौकशीत मैदानाच्या कडेची काही अग्निशामके चाललीच नाहीत असे आढळून आले. त्यानंतर मोटारीतच बसविलेले अग्निशामक आणि चालकाच्या शिरस्त्राणात हवा पुरविणारी नळी या दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. तरीही २९ जुलै १९७३ रोजी झांडफोर्ट येथे रॉजर विल्यमसन उलटलेल्या मोटारीखाली अडकला. डेव्हिड पर्ली हा सहचालक आपली शर्यत सोडून एकट्याने त्याला सोडविण्याची धडपड करीत राहिला. पण जवळच्या सेवकांपाशी अग्निरोधक पोशाख नव्हते, आणि बंब वेळेवर पोचला नाही.

एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटात अडचण होतो, हे १९७७ साली दिसून आले. ५ मार्च रोजी क्यालामी येथे रेन्झो झोर्झी याची मोटार किरकोळ आग लागून कडेला थांबली. श्वासाची नळी शिरस्त्राणापासून सुटेना, त्यामुळे त्याला बाहेर पडण्यास विलंब लागला. सिफर्टच्या मृत्यूनंतर आलेली ती नळीच आता त्याला धरून बसली होती. आग विझविण्यासाठी १९ वर्षांचा एक स्वयंसेवक जड अग्निशामक हाती घेऊन धावपट्टी ओलांडू लागला. भरधाव येणाऱ्या टॉम प्राइसच्या मोटारीने त्याला धडक दिली. त्याच्या हातातील अग्निशामक प्राइसच्या डोक्यावर आदळले. दोघेही जागीच गेले. आग मात्र क्षुल्लक होती. अग्निशामक माणसाने वाहून आणावयाचे साधन न राहता मोटारीचाच भाग झाले पाहिजे, या मताला याहून मोठा आधार कोणता?

आता द्रव्याच्या निवडीकडे वळू. कोरडी पूड ज्वाला झपाट्याने मारते, पण बंदिस्त जागेत चालकाचे डोळे व श्वास दोन्ही अडवते. कार्बन डायॉक्साइड वायू स्वच्छ खरा. परंतु आग विझण्याइतके त्याचे प्रमाण झाले की तेथे माणूस जगू शकत नाही. हॅलॉन या वर्गातील वायू ज्वालेतील रासायनिक साखळी तोडतात. हॅलॉन १३०१ साधारण पाच टक्के प्रमाणातच काम करतो. त्यामुळे १९७० नंतर हॅलॉनला पसंती मिळाली. पुढे तो वातावरणातील ओझोनचा नाश करतो असे आढळले. १९८७ च्या माँट्रिअल कराराच्या चौकटीत विकसित देशांतील त्याचे उत्पादन १९९४ च्या आरंभी थांबले. भारत या करारात १९९२ साली सामील झाला. हॅलॉनच्या जागी पाण्यासारखा पातळ थर पेट्रोलवर पसरविणारा फेस आला. तो पृष्ठभाग थंड करतो आणि आग पुन्हा पेटू देत नाही. परंतु त्यातील फ्लोरिनयुक्त संयुगे निसर्गात विघटन पावत नाहीत. अशा संयुगांचे उत्पादन २०२५ अखेर बंद करण्याचे थ्री-एम या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. एकंदरीत, शमनद्रव्याचे आयुष्य कुपीपुरते नसते. ते कुपीबाहेर पडल्यावर सुरू होते.

मोटारीची घडणही निवडीत निर्णायक ठरते. बंद टपाच्या रॅलीच्या मोटारीत वायू टिकतो. उघड्या एकासनी मोटारीत वारा तो उडवून नेतो, तेथे फेस अधिक उपयोगी. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. भारतातील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि साध्या फेसाचा थर मद्यार्कामुळे फुटतो. म्हणून मद्यार्काला टिकणारा फेस घ्यावा लागतो. परदेशी नियमावलीतील कुपी तशीच्या तशी उचलणे येथे घातक होऊ शकते.

तिसरा प्रश्न कळीचा. आंतरराष्ट्रीय मोटारसंघटनेच्या नियमांनुसार बसविलेली कुपी पंचवीसपट गुरुत्वाइतका धक्का सोसणारी असावी, मोटार उलटली तरी चालावी, आणि तिची दर दोन वर्षांनी तपासणी व्हावी. तिला दोन कळी असतात : एक पट्टे बांधून बसलेल्या चालकाच्या हाताशी, दुसरी बाहेरून. बाहेरची कळ पांढऱ्या वर्तुळातील तांबड्या ‘ई’ अक्षराने दाखविलेली असते. धावून येणाऱ्या कोणाही सेवकाने कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता ती ओढावी, हा त्या चिन्हाचा अर्थ. १९४४ च्या गोदीत नेमके हेच नव्हते.

या सर्व साधनांची मर्यादाही ओळखली पाहिजे. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन येथे रोमँ ग्रोजाँची मोटार दुभंगून पेटली. सुमारे अठ्ठावीस सेकंदांनी तो ज्वाळांतून बाहेर आला. त्याला तारले ते डोक्यावरील संरक्षक कड्याने, अग्निरोधक पोशाखाने, त्याच्या स्वतःच्या धडपडीने आणि धावून आलेल्या वैद्यकीय पथकाने. एवढ्या आगीपुढे चार लिटर द्रव्य ते काय! परंतु कुपीचे काम मोटार वाचविणे हे नाहीच. माणसाला बाहेर पडण्यापुरते काही क्षण मिळवून देणे, एवढेच तिचे काम. निवडीची कसोटीही तीच असली पाहिजे.

विजेच्या मोटारींच्या शर्यती २०१४ पासून सुरू झाल्या आहेत. पेटलेल्या लिथियम विद्युत्घटातील उष्णतेची साखळी फेसाने वा वायूने तुटत नाही. तो थंड करण्यास विपुल पाणीच लागते. प्रश्न फिरून पाण्यापाशी आला आहे. ते पाणी आगीच्या मुळापर्यंत कसे पोचवावे, हा गोदीतील अनुत्तरित प्रश्न आता लोणेरे-महाड परिसरातील नव्या अभियंत्यांपुढे उभा आहे.