न दिसणारे अक्षर

कवितेत ओळ कुठे तुटते ते वाचकाला कुणी सांगत नाही, पण तो बरोबर तिथे थांबतो. संगणकाच्या पडद्यामागेही असेच एक न दिसणारे अक्षर आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तरी या अक्षराची गोष्ट मला भाषेचीच गोष्ट वाटते.

१९६३ साली अमेरिकेत 'आस्की' ही संहिता ठरली. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक मिळाला. त्या काळातले 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापी. तारेवरून अक्षराचे बिट एकामागून एक येत, म्हणून ही जोडणी 'सीरियल'. कागदावर उमटलेले पुसता येत नाही. त्यामुळे आज्ञाही मोजक्याच : ओळीच्या सुरुवातीला जा, खाली सरक, घंटा वाजव.

पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. आता कुठेही लिहिता येत होते, पुसताही येत होते. पण तार एकच. मजकूरही तिच्यावरून येणार आणि हुकूमही. दोन्ही ओळखायचे कसे? उत्तर आस्कीतच होते. आयबीएमच्या बॉब बेमर यांनी 'एस्केप' या अक्षराचा आग्रह धरला होता. आज त्याचा क्रमांक २७. ते आले की पडद्याने समजायचे : आता पुढचे दाखवू नकोस, ऐक.

मात्र प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी. १९७८ मध्ये बर्कलेच्या बिल जॉय यांनी 'टर्मकॅप' रचले. तो या बोलींचा जणू कोशच. त्याच वर्षी डीईसी कंपनीचे 'व्हीटी १००' आले. त्याने १९७६च्या 'एक्मा ४८' या प्रमाण भाषेची वाट धरली आणि हळूहळू इतरांनीही.

या भाषेचा फायदा हिशेबाने पाहा. २४ ओळी, ओळीत ८० अक्षरे, म्हणजे १९२० अक्षरांचा पडदा. सेकंदाला ३० अक्षरे आणणाऱ्या तारेवर तो भरायला ६४ सेकंद लागत. पण एस्केप, चौकटी कंस, ५, अर्धविराम, १० आणि एच एवढे पाठवले, की पाचव्या ओळीतली दहावी जागा सापडे. आज्ञेची ७ अक्षरे आणि नवे एक. पाव सेकंदात चूक दुरुस्त.

आपल्या लिपीचे काय? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट'चे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणाने आस्कीच्या पहिल्या १२८ जागांना हात लावला नाही. आपली अक्षरे वरच्या जागांत बसवली. त्यामुळे 'एस्केप' जागच्या जागी राहिला आणि त्याच तारेवरून क, ख, गही चालू लागले. देवनागरीला जागा मिळाली, ती कुणाला उठवून नव्हे.

व्हीटी १००चे उत्पादन कधीच थांबले. पण लिनक्स किंवा मॅकवरच्या टर्मिनलच्या खिडकीला त्याच्या आज्ञा आजही कळतात. यंत्र जाते, बोली उरते.