वजा पलीकडे गेला की अधिक का होतो?

मी भाषेचा शिक्षक. तरी परीक्षा जवळ आली की मोहल्ल्यातली मुलं संध्याकाळी गणिताच्या वह्या घेऊन येतात. परवा दहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, वजा पलीकडे नेला की अधिक का होतो? पाठ केलंय, पण कळत नाही. गणित आपल्या लोकांचं नाहीच, सर."

शेवटचं वाक्य मला टोचलं.

तिला म्हटलं, तू आत्ता जी पायरी केलीस ना, तिच्यावरूनच अल्जिब्रा हे नाव पडलं. इ.स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल ख्वारिज्मी यांनी एक पुस्तक लिहिलं. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी अशा रोजच्या कामांसाठी. त्यात दोन पायऱ्या होत्या. 'जब्र' म्हणजे तूट भरून काढणं. क्ष वजा ७ बरोबर ५ असेल तर दोन्ही बाजूंना ७ मिळवा. डावीकडची तूट भरली, उजवीकडे १२ झाले. पलीकडे काहीच जात नाही, दोन्हीकडे सारखंच मिळवलं जातं. 'मुकाबला' म्हणजे दोन्ही बाजूंची सारखी पदं समोरासमोर ठेवून उडवणं.

त्यांचंच एक उदाहरण वहीत मांडलं: क्ष चा वर्ग अधिक १० क्ष बरोबर ३९.

क्ष बाजूचा चौरस काढ. १० चे दोन भाग कर. चौरसाच्या दोन बाजूंना ५ रुंदीचा एकेक आयत जोड. एवढ्याचं क्षेत्रफळ ३९. आता कोपरा रिकामा दिसतो, तो ५ गुणिले ५, म्हणजे २५. तो भर. ३९ अधिक २५ बरोबर ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८. त्यातून ५ गेले, क्ष बरोबर ३. (पुस्तकातली पूर्ण वर्ग पद्धत हीच. तिथे उणे १३ हे दुसरं उत्तरही लिहायचं. लांबी उणे नसते म्हणून ख्वारिज्मींनी ते घेतलं नाही.)

मग हे गणित फक्त अरबांचं का? तसंही नाही. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली. अकबराच्या दरबारातल्या फैजींनी १५८७ मध्ये ती फारसीत आणली. शाहजहानच्या काळात अताउल्लाह रुश्दी यांनी भास्कराचार्यांचं 'बीजगणित' फारसीत नेलं. परभणी हैदराबाद संस्थानात होती तेव्हा, १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गणित उर्दूतून शिकवलं जाई. निजामाच्या काळात शाळा शिकलेले माझे दादा त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणायचे आणि बीजगणिताला 'जब्र-ओ-मुकाबला'. मी ते मराठीत शिकलो. शब्द बदलले, पायऱ्या त्याच राहिल्या.

म्हणून मुलांना सांगतो, उत्तरावर उडी मारू नका, पायऱ्या लिहा. आणि पालकांनो, "आपल्याला कुठं गणित येतं" हे वाक्य मुलांसमोर बोलू नका. ती तेही पाठ करतात.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वहीत चौरस होता. कोपऱ्यात २५ लिहिलेले होते.