लाखेची मोहोर आणि निस्ताराचा कागद

कारकुनीच्या पहिल्याच आठवड्यात बडे बाबूंनी माझ्याकडून कागदांचे बस्ते बांधायच्या कापडाचे रंग पाठ करून घेतले. 'अ' वर्गाचा बस्ता लाल, तो कायम ठेवायचा. 'ब' हिरवा, 30 वर्षं. 'क' पिवळा, 10 वर्षं. 'ड' पांढरा, त्यातले कागद वर्षभरानं यादी करून, साहेबांची सही घेऊन नष्ट करायचे. मी गोंडपिपरीचा. नोकरीचा बराचसा काळ जिल्ह्यातल्या एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेला. तिथे पावसाळ्यात वाळवीला ना लाल कळायचं ना पांढरं.

या रंगांवरून कागद किती वर्षं जगणार ते कळतं. तो कोणी वाचायचा, हे नाही कळत. त्याची वाट निराळी आणि ती इंग्रजांनी पाडलेली. शासकीय गुपितांचा पहिला कायदा 1889 चा. कर्झनसाहेबाच्या काळात, 1904 मध्ये, तो आणखी आवळला आणि मग 1923 चा आला, तो आजही लागू आहे. गंमत अशी की गुप्त कशाला म्हणायचं, याची व्याख्याच या कायद्यात नाही. अतिगुप्त, गुप्त, गोपनीय, प्रतिबंधित या चार पायऱ्या सुरक्षेच्या खातेनिहाय सूचनांतून आल्या. कागद कुठल्या पायरीवर बसवायचा ते लिहिणारा साहेब ठरवणार, आणि एकदा बसला की त्याला खाली उतरवायची कुणाला घाई नसते.

वरच्या दोन पायऱ्यांचा कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही. गोपनीय मात्र येत. त्यांना दोन लिफाफे लागत. आतल्यावर 'गोपनीय' आणि घेणाऱ्याचं नाव घालून जोडावर लाखेची मोहोर करायची. बाहेरच्यावर नुसता पत्ता, म्हणजे टपाल नेणाऱ्या शिपायाला आत काय आहे ते कळू नये. आवक-जावक नोंदवहीतही विषयाच्या रकान्यात एवढंच लिहायचं: गोपनीय. पण लाख मेणबत्तीवर धरली की वास व्हरांड्यापर्यंत जायचा आणि सगळी कचेरी ओळखायची, कुणाचा तरी सी.आर. निघाला! खरंच, आमच्या पातळीवरची गुपितं बहुतेक गोपनीय अहवालांचीच. कुणाला 'साधारण' शेरा मिळाला, हे त्या माणसापासूनच लपवायचं. 2008 मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवा. तेव्हापासून त्या लाखेत तसा अर्थ राहिला नाही.

आता दुसऱ्या कागदांचं सांगतो. नागपूरकर भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि आमच्या चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचा मेजर ल्यूसी स्मिथचा अहवाल 1869 मध्ये निघाला. पुढच्या बंदोबस्तांमधून गावोगावच्या मिसली, म्हणजे बंदोबस्ताच्या नोंदींच्या फायली, तयार झाल्या. त्यात वाजिब-उल-अर्ज असतो, म्हणजे गावची वहिवाट: पाणी कुठलं, रस्ता कुठून, मासे कुणी धरायचे. निस्तार पत्रकात सरपण, बांबू, चराई यांचे गावाचे हक्क. मालगुजारी, म्हणजे गावच्या महसुलाची जमीनदारी, 1951 मध्ये गेली, तरी 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं हे दोन्ही कागद 161 आणि 165 या कलमांत जिवंत ठेवले. शिवाय जमिनीचे अभिलेख लोकांनी पाहावेत, नकला घ्याव्यात, असंही संहिता म्हणते. त्यांच्यावर कुठलाच शिक्का नव्हता.

तरी रानातल्या गावाहून कुणी आला आणि म्हणाला, "बाबूजी, आमच्या गावचा निस्तार पाहिजे होता," की उत्तर ठरलेलं. बंदोबस्ताचं साल सांगा. मिसल नंबर सांगा. चाबी ज्याच्याकडे आहे तो दौऱ्यावर गेला. मिसल सापडलीच तर कुठे मोडी अक्षर, कुठे पान बुरशीनं चिकटलेलं. शिक्क्याच्या कागदाचा मजकूर चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत पोचायचा आणि बिनशिक्क्याचा कागद पिढ्यान् पिढ्या गावाला दिसायचा नाही. याला व्यवस्था म्हणायचं असेल तर म्हणा.

वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, तेव्हा या मिसलींचं मोल लोकांना नव्यानं कळलं. निस्तारासारखे सामूहिक हक्क या कायद्यानं नाव घेऊन मान्य केले. पुराव्यात सरकारी नोंदी चालतात, आणि कागद नसेल तर गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाबही चालतो. नियम लिहिणाऱ्याला आमच्या रेकॉर्ड रूम माहीत असाव्यात. आमच्याच तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे 1,006 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली.

माहिती अधिकारानं 2005 मध्ये कागदाला आणखी वाटा करून दिल्या. 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, थोडे अपवाद सोडले तर, मागणाऱ्याला द्यायची. कलम 10 प्रमाणे न देण्याजोगा भाग झाकून उरलेलं द्यायचं. आणि 1923 च्या कायद्याशी कुठे विसंगती आली, तर कलम 22 नुसार वरचढ माहिती अधिकाराचाच कायदा.

माझा पुतण्या आता ई-ऑफिसवर काम करतो. तिथे फाइल उघडतानाच वर्गवारी निवडावी लागते, म्हणजे साहेबाच्या आधी बाबूच पायरी ठरवतो. बदलीचा कच्चा मसुदा तो बिनचूक गोपनीय करतो. पण लाभार्थ्यांची यादी, आधार आणि बँक खात्याच्या नंबरांसकट, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अशीच सुटलेली मी पाहिली आहे. त्याचा दोष मी त्याला देत नाही. जुन्या चार पायऱ्या सरकारचं काय बिघडेल ते मोजायला बांधल्या. एखाद्या म्हातारीच्या निराधार योजनेच्या खात्याला त्यात पायरीच नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ती उणीव भरायला घेतली. पण त्याच कायद्यात माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमाची दुरुस्ती आहे आणि तिथली सूट आणखी रुंद केली आहे. रोजगार हमीचा हजेरीपट घ्या. नाव, दिवस, मजुरी गावात वाचून दाखवली तरच मेलेल्या माणसाच्या नावावरची हजेरी पकडता येते. खाते नंबर मात्र कुणाला दिसायचं कारण नाही. मी पुतण्याला म्हटलं, तेवढा रकाना झाक आणि बाकीचं दे.

"काका, एकेक रकाना झाकत बसण्यापेक्षा अख्खाच गोपनीय टाकला तर?"

मी कलम 10 काढून दाखवलं. त्यानं वाचलं, आणि साहेबांना विचारून सांगतो म्हणाला.